अकरा मिनिटांचं उत्तर

१

बाबू खोबरेकरची बोट समुद्रातल्या खडपांवर आदळून फुटली तेव्हा सकाळचे दहा वाजायला दोन मिनिटं कमी होती. तिघे खलाशी पोहून किनाऱ्याला लागले. बाबू लागला नाही.

इंजिन बंद पडल्याबरोबर त्याने मदतीचं बटण दाबलं होतं, नऊ एक्केचाळीसला. बंदरावर मच्छीमार संस्थेच्या खोलीतली घंटा त्याच मिनिटाला वाजली. पण बोट नक्की कुठे आहे हे पडद्यावर उमटलं नऊ बावन्नला. सगळ्यात जवळची दुसरी बोट तिथून सात मिनिटांवर होती. नऊ एक्केचाळीसला तिला निरोप गेला असता तर बाबू आज बंदरावर बसून जाळं शिवत असता.

ही मधली अकरा मिनिटं कुणी खाल्ली, एवढाच प्रश्न होता. आणि उत्तर अख्ख्या गावाने आधीच ठरवून टाकलं होतं.

पाचव्या दिवशी मला देवेश तारीचा फोन आला. देवेश मच्छीमार संस्थेचा चेअरमन. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेण्या ओढायचा.

"सुशीला, तू बँकेत ह्याच काम करीत होतंस मां? मशीन तपासूचा?"

"एकतीस वर्षं," मी म्हटलं. रेंगाळणारी यंत्रं पळती करायची, हे माझं काम. निवृत्त होऊन आचऱ्याला काजूची झाडं बघत बसले होते.

"मगे एक सही व्हयी. मशीन बरा आसा म्हणान. आज चार वाजता बैठक आसा."

"आणि बरा नसला तर?"

"बरा आसा गो. आमी सगळ्यांनी बगलंव."

न बघता सही करायची माझी रीत नाही. दहा वाजता मी बंदरावर पोचले. संस्थेने बोटी सोडायच्या बंद केल्या होत्या, सगळ्या धक्क्याला टेकून उभ्या होत्या. खोलीच्या एका कोपऱ्यात कुलूपबंद कपाट, त्यात मुख्य यंत्र. खिडकीशी टेबल, टेबलावर साधा संगणक. त्याला वाळलेला झेंडूचा हार, कीबोर्डवर सांडलेलं कुंकू. नारळी पुनवेला पूजा घातली होती म्हणे, आणि पूजेचं कुंकू पुसायचं कुणाच्या जिवावर येतंय! मी मनात कपाळाला हात लावला. यंत्राला कुंकू चालतं, धूळ झटकलेली चालत नाही, अशी आमची माणसं.

टेबलामागे एक पंचविशीची मुलगी उभी होती. डोळे सुजलेले. ती संचिता मेतर, खोलीची ऑपरेटर. घंटा वाजली तेव्हा खोलीत ती एकटीच होती.

"बाबूच्या बोटीचं नाव टाक," मी म्हटलं.

तिने 'श्री सातेरी कृपा' टाईप केलं. एंटर दाबला. एंटरवरचं बोट उचलेपर्यंत पडद्यावर ठिपका आला. अर्धं सेकंद.

देवेशने माझ्यापुढे कागद सरकवला. मी पेनाचं टोपण काढलं.

"काकी," संचिता म्हणाली, "त्या दिवशी अकरा मिनटां लागली. देवाशपथ."

मी टोपण परत लावलं.

२

'मशीन स्लो आहे' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कुणाला स्लो, कधीपासून, किती? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'बरं वाटत नाही' म्हणणाऱ्यांतली ही जात. एकतीस वर्षांत मला नीट आकडा सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी भेटली.

संचिताने मला वही दिली. तिच्या हाताने लिहिलेल्या ओळी होत्या.

'पुनवेनंतरचा पहिला दिवस. सकाळी ७.१० ला नाव टाकलं, ७.२१ ला उत्तर. दुपारी १.३० ला नाव टाकलं, १.४१ ला उत्तर. संगणक दोनदा बंद करून चालू केला. फरक नाही. विनीतसरांना फोन.

दुसरा दिवस. ९.४१ घंटा. लगेच नाव टाकलं. ९.५२ उत्तर.'

मुलीने आकडे लिहिले होते. माझं मन तिच्याकडे झुकलं, ते मी कबूल करते.

"ही वही देवेशला दाखवलीस?"

"ते म्हणाले, मागाहून लिवलेली आसतली."

"आणि लोक काय म्हणतात?"

तिने खिडकीकडे बघितलं. बाहेर मासळी निवडणाऱ्या बायका बसतात. "सगळ्यांनी बगल्यानी. माझ्या हातात मोबाईल होतो."

"होता का?"

"होतो." तिने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. नऊ त्रेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. चारही फोन एकाच नावाला: बाबूकाका. एकही लागलेला नव्हता. "उत्तर येय नाय म्हणान तेंकाच फोन लावलंय. ते म्हणतत, शोधूचा सोडून फोन करीत बसली."

"सगळ्या बोटींना एकदम निरोप धाडता येतो ना?"

"येता. पण त्याच पडद्यावरसून. आणि पडदो गोठलेलो." "नुसतो चक्र फिरत होतो, काकी. अकरा मिनटां मी तो चक्र बगत होतंय."

मी वही मिटली.

"आज बैठकीत काय होणार आहे?"

"माझ्यावर पोलिसांत तक्रार. शेवंतीकाकी सही करतली." शेवंती म्हणजे बाबूची बायको. "माका नोकरीचा काय नाय. पण जल्मभर ह्या बंदरावर 'बाबूक मारलेली' म्हणान जगूचा?"

घड्याळात पावणेअकरा झाले होते. चार वाजायला सव्वापाच तास.

"एक सांग. हे यंत्र बसवणाऱ्या विनीतला आदल्या दिवशी फोन केलास तेव्हा तो काय म्हणाला?"

"तेच तर समजणा नाय." तिने कपाळाला आठी घातली. "माझ्या पडद्यावर चक्र फिरत होतो. त्याच टायमाक त्यांनी कुडाळसून त्याच बोटीचा नाव टाकल्यानी. तेंका अर्ध्या सेकंदात उत्तर इला. त्याच मशीनातसून, काकी. त्याच मिनटाक."

३

एकच कपाट, एकच प्रश्न, एकच मिनिट. एकीला अकरा मिनिटं, दुसऱ्याला अर्धं सेकंद. या कोड्याने माझी मुंबईतही दोनदा झोप उडवली होती, म्हणून मी गप्प राहिले. आपल्याला हवं तेच उत्तर दिसतंय असं वाटलं की आधी दुसऱ्याचं ऐकून घ्यावं.

विनीत धुरी साडेअकराला कुडाळहून आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हसरा. बोटींचा माग ठेवणारं हे 'थांगपत्ता' त्याने एकट्याने उभं केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. प्रत्येक बोटीवर एक डबी, ती दर काही मिनिटांनी आपली जागा कळवते. चारशे बारा बोटी, सहा वर्षं. पावणेचार कोटी नोंदी त्या कपाटात साठल्या होत्या.

"पावणेचार कोटींतून एक नोंद अर्ध्या सेकंदात मिळते, मॅडम," तो म्हणाला. "नावांची सूची करून ठेवलीय. पुस्तकाच्या मागे असते तशी. यंत्र सूची बघतं आणि थेट पानावर जातं."

"आणि सूची बघितली नाही तर?"

"मग पहिल्या पानापासून वाचत बसेल. पण असं होत नाही."

"संचिताच्या बाबतीत झालं असं ती म्हणते."

तो नुसता हसला. "मी लॉग, म्हणजे शोधांची नोंद, दाखवलाय सगळ्यांना. 'श्री सातेरी कृपा', नऊ बावन्न. तेव्हा शोध घेतला तिने. नाचता येईना अंगण वाकडे."

"लॉगमध्ये वेळ पडते ती प्रश्न विचारल्याची की उत्तर दिल्याची?"

"उत्तर दिल्याची."

"मग नऊ बावन्नला उत्तर दिलं एवढंच कळलं. विचारलं कधी, ते कुणाला ठाऊक?"

"मॅडम, उत्तराला अर्धं सेकंद लागतं, तर..."

"ते आज लागतं. त्या दिवसाचं मी विचारतेय. यंत्राची स्वतःची रोजनिशी असते, कुठल्या प्रश्नाला किती वाचन केलं त्याची. ती दाखव."

"ती बंद ठेवलीय. जागा खाते."

पुरावा म्हणजे सगळाच चाटून पुसून लख्ख. मी त्याच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "तू कुडाळहून तपासलंस ते संचिताच्या पडद्यातून, की स्वतः प्रश्न लिहून?"

"स्वतः लिहून. पडदा कशाला उघडायचा?"

"बरं. मुख्य यंत्र शेवटचं कधी सुरू झालं?"

हे मी विचारेन अशी त्याची अपेक्षा नव्हती. ते लपवता येत नाही, यंत्रच सांगतं. त्याने नाइलाजाने दोन बटणं दाबली. अपघाताचा दिवस, सकाळी अकरा दहा.

"वीज गेली होती," तो चटकन म्हणाला. "आली तेव्हा आपोआप सुरू झालं."

मी मान डोलावली आणि चहा प्यायला बाहेर आले. देवेश बर्फाच्या कारखान्याच्या दारात उभा होता. त्या कारखान्याची देखरेखही तोच करतो.

"देवेश, अपघाताच्या दिवशी सकाळी वीज गेल्यामुळे बर्फाचं नुकसान झालं असेल ना रे?"

"खंयची वीज?" तो म्हणाला. "त्या दिवशी एक मिनट जावक नाय. नायतर माका समाजला नसता? आणि गेली तरी त्या कपाटाक दोन तासांची बॅटरी आसा."

हातातला चहा तसाच ठेवून मी परत फिरले.

४

विनीत खोटं बोलला होता, एवढं नक्की. पण खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, कधी कधी नुसता भ्यालेला असतो. कपाट कुणीतरी मुद्दाम बंद करून चालू केलं होतं, आणि त्यानंतर यंत्र पळायला लागलं. म्हणजे त्याच्या आठवणीत असं काहीतरी अडकलं होतं, जे बंद करताच पुसलं गेलं.

काय अडकलं असेल ते मला माहीत होतं. अशी यंत्रं कामाची वाट प्रत्येक वेळी नव्याने शोधत नाहीत. सुरू झाल्यावर पहिला प्रश्न येतो, त्यावरून वाट ठरते: सूचीतून जायचं, की पहिल्या पानापासून सगळं वाचत. मग त्या जातीच्या प्रश्नांना तीच वाट वापरली जाते, विचारणारा कोणीही असो. विनीतने आपल्या हाताने वेगळा प्रश्न लिहिला होता, म्हणून त्याला नवी, जवळची वाट मिळाली. संचिताचा पडदा मात्र जुन्याच वाटेने जात राहिला. तिने आपला संगणक दोनदा बंद केला, पण वाटेची आठवण कपाटात होती.

तर मग पुनवेला, मोसमाच्या सुरुवातीला यंत्र चालू केलं तेव्हा पहिला प्रश्न कुठला होता? असा कुठला, की ज्याला सूची कामाची नाही, सगळंच्या सगळं वाचावं लागतं?

लॉगमध्ये विनीतने जागा वाचवायला फक्त बोटीचं पूर्ण नाव टाकलेले शोध ठेवले होते, त्यामुळे पुनवेचा पहिला प्रश्न त्यात नव्हता. मी टेबलाशी बसले आणि कीबोर्डवर हात ठेवले. बोटांना कुंकू लागलं.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. मूर्ख बाई! सकाळपासून समोर होतं आणि मी यंत्राला कुंकू लावणाऱ्यांवर चिडण्यात गुंग. वरवर सांडलेलं होतंच, पण काही बटणांवर ओल्या कुंकवाचं बोट नीट टेकलं होतं, गोल ठसा वाळून बसला होता. अशी पाचच बटणं होती. मराठी अक्षरं चिकटवलेली होती, त्यामुळे वाचायला अडचण नव्हती. 'र'. अक्षराचा पाय मोडायची खूण. दीर्घ वेलांटी. 'स' आणि वर 'श' असलेलं बटण. आणि एंटर.

स्-र-ी याला काही अर्थ नाही. पण शिफ्ट दाबून तेच बटण दाबलं की 'श' उमटतो.

श्री.

आमच्याकडे नव्या वहीच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, दुकानाच्या चोपडीत, पहिलं काही लिहायचं तर हाच शब्द. आणि बोटींची नावं? श्री सातेरी कृपा, श्री गांगो प्रसाद, श्री देव अमका, श्री देवी तमकी. मी यादी उघडली. चारशे बारांपैकी तीनशे शहाण्णव नावं 'श्री'ने सुरू होत होती. यंत्राला पहिलाच प्रश्न मिळाला, 'श्री'ने सुरू होणाऱ्या बोटी कुठे आहेत? त्याने बिचाऱ्याने मनाशी ठरवलं, सगळंच वाचायला हवं.

पण शिफ्टचं बटण साफ होतं. म्हणजे कुंकवाच्या बोटाने अक्षरं दाबली, आणि शिफ्ट दुसऱ्या कुणीतरी दाबून धरलं. पूजेला न बसलेल्या माणसाने, जवळ उभं राहून.

"संचिता," मी हाक मारली. "शिफ्ट तू धरलंस ना?"

तिने टेबलावरचा हात झटकन मागे घेतला.

"अक्षरं कुणी दाबली?"

"माका आठवणा नाय."

"तुझ्यावर आज तक्रार होणार आहे, बाय. आठव."

खिडकीबाहेर कुणी नाही ना बघून ती हळू म्हणाली, "दर वर्सा मीच चालू करतंय, एका बोटीचा नाव घालून. यंदा देवेशकाका म्हणाले, जोडप्यान पूजा घालूया. बाबूकाका आणि शेवंतीकाकी बसली. बाबूकाका म्हणालो, 'तू लिव गो पयलो शब्द.' ती साक्षरतेच्या वर्गात तोच एक शब्द बरो लिवक शिकल्या. इतकी हसली होती, काकी..." तिने माझा हात धरला. "तेचा काय झाला? तेचा आणि ह्याचा काय संबंध?"

मी सांगितलं. ऐकता ऐकता तिने माझा हात सोडला.

"मगे तुमी काय सांगू नकात," ती म्हणाली. "माका काय व्हायचा ता होवंदे. तिचो घोव गेलो. आता तिच्याच बोटामुळा गेलो असा तिका सांगतलात?"

बाहेर बैठकीच्या खुर्च्या लावायला सुरुवात झाली होती.

५

मी ठरवलं ते असं: प्रयोग करायचा, शब्दाचा उगम सांगायचा नाही. संचिता सुटेल आणि शेवंतीला कळणार नाही. आपण फार हुशार आहोत असं मला आयुष्यात पुष्कळदा वाटलेलं आहे.

चार वाजता खोली गच्च भरली. उरलेले लोक खिडकीतून डोकावत होते. पुढच्या खुर्चीवर शेवंती, पन्नाशीची, काठीसारखी ताठ. तिच्या मांडीवर तक्रारीचा कागद. संचिता भिंतीला टेकून उभी होती. शेवंती तिच्याकडे बघत नव्हती.

"गावात एक पोस्टमन आहे समजा," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी त्याला सांगितलं, घराघरांत आमंत्रण दे. तो पहिल्या घरापासून निघाला, एकेक दार ठोठावत. बरोबरच केलं. दुसऱ्या दिवशी त्याला एकच पत्र दिलं, एकाच घरचं. घर त्याला ठाऊक आहे. पण हा पोस्टमन असा, की पहिल्या दिवशी जी वाट ठरली तीच कायम. पुन्हा पहिल्या घरापासून, एकेक दार. हे यंत्र तसं आहे. विनीत, कपाट बंद कर आणि चालू कर."

"मॅडम, याची गरज..."

"अपघाताच्या दिवशी अकरा दहाला केलंस तसंच."

खोलीत कुजबुज उठली. विनीतने किल्ली लावली. यंत्र घरघरून सुरू झालं.

मी टेबलाशी बसले. "आता मी पहिला प्रश्न विचारते. कुठलाही, ज्याचं उत्तर म्हणजे जवळजवळ सगळ्याच बोटी." आणि पडदा माझ्या पाठीआड ठेवून मी 'श्री' टाईप केलं. यंत्राने बराच वेळ घेतला आणि भलीमोठी यादी टाकली. मी ती झाकली.

"आता संचिता बाबूच्या बोटीचं नाव टाकेल. सकाळी अर्धं सेकंद लागलं होतं. देवेश, घड्याळ लाव."

संचिताने नाव टाकलं. एंटर.

चक्र फिरायला लागलं.

पहिलं मिनिट लोक खाकरत होते. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी "आता येयत" म्हणालं. तिसऱ्याला बाहेर बोटी एकमेकींवर घासत होत्या तेवढाच आवाज. चौथं. पाचवं. संचिताने डोळे मिटून घेतले होते. सातवं मिनिट संपलं तेव्हा देवेश घड्याळातून मान वर न करता म्हणाला, "आता दुसरी बोट थय पोचली असती." कुणीतरी बाई हुंदका देऊन रडली.

शेवंती रडत नव्हती. ती कीबोर्डकडे बघत होती. मग तिने आपला उजवा हात उचलून त्याचं पहिलं बोट बघितलं. मी पडदा झाकला होता, पण माझ्या बोटाला लागलेलं ताजं कुंकू झाकायचं विसरले होते. आणि कुठल्या बटणांकडे माझा हात गेला, ते तिने बघितलं होतं. तिला तेवढीच बटणं ठाऊक होती.

नवव्या मिनिटाला ती उठली.

"पयलो शब्द मियाच लिवलंय मां, पुनवेक?"

उत्तराला न थांबता ती संचिताकडे वळली.

"संचिता, तुया शिफ्ट धरलंस. तुका म्हायत होता?"

"आज दुपारी समाजला, काकी."

"आणि तरी गप रवलंस?" शेवंती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी तुझ्यावर तक्रार करूक इलंय, आणि तू माझ्यासाठी गप रवलंस?"

पडद्यावर ठिपका उमटला. देवेशने घड्याळ थांबवलं. "अकरा मिनटां, चार सेकंद," तो म्हणाला.

६

"शेवंतीबाय, ऐक," मी म्हणाले. मला तिला हात लावायचा धीर होईना, पण बोलायचा होता. "श्री लिहिणं यात चूक नाही. पहिल्या दिवशी कुणीही काहीही विचारेल, यंत्राने सांभाळायला हवं. ते शिकवायचं काम ज्याचं होतं, तो या खोलीत आहे. संचिताने त्याला अपघाताच्या आदल्या दिवशी फोन करून आकड्यांसकट सांगितलं होतं."

सगळ्यांनी विनीतकडे बघितलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. त्याने झाकायचा प्रयत्नही सोडला.

"मला त्याच दिवशी शंका आली होती," तो खाली बघत म्हणाला. "असं होतं कधी कधी, वाचलं होतं. म्हटलं, रविवारी येऊन बघतो. दुसऱ्या दिवशी बातमी कळली आणि... कुडाळहूनच कपाट बंद करून चालू केलं. लगेच पळायला लागलं. तेव्हाच कळलं की संचिता खरं सांगत होती."

"आणि मगे 'नाचता येईना' म्हणालास!" देवेश त्याच्या अंगावर धावला. दोघांनी धरलं म्हणून बरं.

"दुरुस्तीला किती वेळ लागला असता?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, पण ते त्याच्या तोंडून सगळ्यांनी ऐकायला हवं होतं.

"एक ओळ," विनीत म्हणाला. "प्रत्येक प्रश्नाला वाट नव्याने ठरव, एवढं सांगणारी. एक ओळ लिहायची होती."

राग आला म्हणून मी ओरडेन असं मला वाटलं होतं. पण नुसतं दमल्यासारखं झालं. रविवारी बघतो म्हणून मीही बँकेत पुष्कळ कामं ठेवली होती. फरक एवढाच, की माझ्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला समुद्र नव्हता.

"लिही," मी म्हटलं. "आत्ता. माझ्यासमोर. आणि ती रोजनिशीपण चालू कर. बाकी काय ते पोलिसांना सांग."

त्याने लिहिली. मी दोनदा वाचली. कपाट पुन्हा बंद करून चालू केलं.

शेवंतीने तक्रारीचा कागद देवेशच्या हातात दिला. "ह्यो घे परत. हेच्यार संचिताचा नाव आसा." मग ती टेबलाशी आली. संचिताने झटकन खुर्ची मागे ओढली. शेवंती बसली आणि कीबोर्डवर बोट धरून थांबली.

"परत तोच शब्द लिवलंय तर?"

"लिही," मी म्हणाले. "बघू या काय होतं ते."

तिने लिहिलं. 'र'शी थोडं अडखळत, पण बरोबर. शिफ्ट संचितानेच धरलं. भलीमोठी यादी यायला मघासारखाच वेळ लागला. मग शेवंती म्हणाली, "आता तेंची बोट घाल."

संचिताने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने एकेक अक्षर दाबलं, श्री सातेरी कृपा, आणि थांबली. एंटर शेवंतीने दाबला.

ठिपका आला. खडपांच्या अलीकडे, निळ्या पाण्यात, नऊ सत्तावन्नची शेवटची नोंद.

शेवंती पडद्याच्या अगदी जवळ झुकली. तिने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"गावलो?" ती संचिताला म्हणाली. "इतक्या बेगीन, एका सेकंदात गावलो?"

संचिताने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्याने तिथे उभं राहवेना. देवेशचा न सही केलेला कागद माझ्या पर्समध्ये होता. बाहेर येऊन मी तो फाडला आणि धक्क्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोटी सुटल्या. संचिताने खिडकीतून प्रत्येकीचं नाव वाचलं, टाईप केलं, वहीत वेळ लिहिली. शेवंती शेजारी बसून मोठ्याने सेकंद मोजत होती, आणि एकाही बोटीला ती 'एक'च्या पुढे गेली नाही.